दोन पंचमींमधला हजेरीपट

कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर जैन घरांत ज्ञानपंचमी साजरी होते. पाटावर ग्रंथ, वह्या आणि लेखण्या मांडल्या जातात, वासक्षेपाने त्यांची पूजा होते आणि घरातील धाकटे मूल पुस्तकापुढे हात जोडते. बाजारात त्याच दिवशी लाभपंचम असते. दिवाळीत पूजिलेल्या नव्या वहीत पहिली नोंद पडते आणि पेढ्यांचे व्यवहार पुन्हा सुरू होतात. दिगंबर परंपरेत ज्ञानाचा हा मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आहे. षट्खंडागम लिपिबद्ध होऊन त्याची पूजा झाली, त्या दिवसाचे स्मरण म्हणजे श्रुतपंचमी. एकाच धर्माच्या दोन परंपरांनी ज्ञानपूजेसाठी वर्षातले दोन दिवस निवडले. त्या दोन दिवसांमध्ये सात महिन्यांचे अंतर आहे.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी वसलेल्या गणेशपुरीच्या परिसरात या सात महिन्यांना दुसरे नाव आहे: वीटभट्टीचा हंगाम. दिवाळी आटोपली, भाताची कापणी आणि झोडणी संपली की पाड्यांवरची कातकरी आणि वारली कुटुंबे बिऱ्हाड बांधू लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि मुले हे सारे एका टेम्पोत मावते. ज्येष्ठात आभाळ भरून येऊ लागले की तीच कुटुंबे परत येतात. पेढीवर लाभपंचमीची पहिली नोंद होत असते त्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळेतील हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा दिसू लागतात. पुढे त्या रांगेने वाढत जातात.

गणेशपुरी बहुतेकांना ठाऊक आहे ती गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि भगवान नित्यानंदांच्या समाधिमंदिरासाठी. नित्यानंदांनी १९६१ च्या ऑगस्टमध्ये येथे देह ठेवला. आसपासच्या आदिवासी मुलांना दररोज जेवू घालण्याची त्यांनी लावलेली रीत ‘बालभोजन’ या नावाने आजही चालते. जवळच वज्रेश्वरी आणि अकलोली आहेत. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते आणि फुले, नारळ, भोजनालये यांवर गावाचा एक भाग नीट जगतो. त्या भागातली मुले शाळेत नियमित असतात. रस्ता सोडून दोन-तीन किलोमीटर आत गेले की पाडे लागतात, आणि पटावरची निम्मी कथा तेथे आहे.

सरकारी शाळेचा निकाल कसा वाचावा, हा प्रश्न येथूनच सुरू होतो. सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक वर्गांची प्रगती खालावली आहे, मुलांना साधा भागाकार येत नाही, शिक्षक शिकवत नाहीत, अशी वाक्ये दुकानाच्या गादीवरही सहज बोलली जातात. त्यांत थोडे सत्य आहे. पण जो व्यापारी एखाद्या शाखेच्या मालाची आरंभीची शिल्लक न पाहता केवळ वर्षअखेरची विक्री पाहून मुनिमाला दोष देईल, त्याच्या हिशोबाला कोणी हिशोब म्हणणार नाही. शाळेच्या बाबतीत मात्र हीच चूक सुशिक्षित माणसेही राजरोस करतात.

समजा, सहावीच्या वर्गात चाळीस मुले आहेत. त्यांतील दहा मुलांच्या घरी वाचणारा बाप आहे, शिकवणीला पैसे आहेत. पुढच्या वर्षी अंबाडी किंवा भिवंडीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस गावात येऊ लागते आणि ही दहा मुले त्या बसमध्ये बसतात. उरलेल्या तिसांना तेच गुरुजी तेवढ्याच मन लावून शिकवतात. तरी वर्गाची सरासरी घसरते. गुरुजी बदललेले नाहीत, पुस्तक बदललेले नाही. वर्ग बदलला आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत महाराष्ट्रातील हजारो जिल्हा परिषद शाळांचे असे झाले. शिकण्याची परंपरा असलेली घरे निघून गेली आणि मागे राहिली ती बहुतांशी घराण्यात प्रथमच अक्षर गिरवणारी मुले. निघून गेलेल्यांत समाजाची स्वतःची मुले पहिल्या रांगेत होती, हे येथे विसरून चालणार नाही. ज्यांच्या आजोबांनी नगरपालिकेच्या शाळेत पाटीवर पाढे लिहिले, त्यांची नातवंडे त्या शाळेचे फाटकही ओळखत नाहीत.

करोनाकाळात हे चाक काही काळ उलटे फिरले. ग्रामीण भारतातील घरोघर जाऊन मुलांना वाचायला व गणिते करायला सांगणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांतले प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ६६ टक्के होते. २०२२ मध्ये ते सुमारे ७३ वर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६७ च्या आसपास आले. हातात पैसा आला की घर सरकारी शाळा सोडते आणि पैसा अटला की परत येते. म्हणजे कोणत्याही एका वर्षीचा निकाल हा शाळेचा जितका असतो, तितकाच त्या वर्षी तेथे कोण बसले होते याचाही असतो.

याच सर्वेक्षणात आठवीच्या मुलांची देशभरची स्थिती दिसते. दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी आठवीतील मुले २०१८ मध्ये सुमारे ७३ टक्के होती, २०२४ मध्ये ७१. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी २०१८ मध्ये ४४ टक्के, २०२४ मध्ये ४६. सहा वर्षांत एवढीच हालचाल! दोष एका पाड्याचा वा एका गुरुजींचा असता तर आकडे इतके एकाच जागी खिळून राहिले नसते.

गणेशपुरीच्या भोवतालच्या शाळांबाबत आणखी एक गुंता आहे, आणि तो तारखांचा आहे. शाळेला किती शिक्षक मिळावेत हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर होते. त्या दिवशी भात शेतात उभे असते, कुटुंबे पाड्यावर असतात आणि पट भरलेला असतो. राष्ट्रीय स्तरावरच्या चाचण्या मात्र हिवाळ्याच्या तोंडावर येतात. २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झाले, २०२४ चे ‘परख’ सर्वेक्षण ४ डिसेंबरला. या चाचण्या त्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलांच्या होतात. जी मुलगी त्या सकाळी भट्टीवर कच्च्या विटा उलथत होती, ती कोणत्याच सरासरीत नाही. नंतर एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा येते. पाचवी आणि आठवीला ती उत्तीर्ण होणे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पुन्हा आवश्यक झाले आहे, आणि तेव्हा भट्टीचा हंगाम ऐन भरात असतो. सप्टेंबरमध्ये मोजलेले मूल डिसेंबरमध्ये दिसत नाही आणि एप्रिलमध्ये नापास ठरते. तीन तारखांना तीन वेगळ्या शाळा मोजल्या जातात. कागदावर त्यांचे नाव एकच असते.

एक महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य समजावे, असा नियम आहे. तो काटेकोर पाळला तर पौषात अनेक शाळांचा पट निम्म्यावर येईल आणि पुढच्या वर्षी शिक्षकाचे पद जाईल. पद गेले की ज्येष्ठात परतलेल्या मुलांना शिकवायला कोण उरेल? मुख्याध्यापक म्हणून नाव कमी करत नाहीत. या नोंदीला खोटी म्हणणे सोपे आहे. तिच्यात दयाही आहे, हे शाळेच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

मूल सहावी-सातवीतच का गळते, याचे उत्तर भट्टीवर मिळते. विटा थापण्याचे काम जोडीने चालते. नवरा-बायको दोघेही पहाटेपासून चिखलात असतात. सात वर्षांचे मूल तेथे फारसे उपयोगी नसते. अकरा-बारा वर्षांची मुलगी मात्र भाकरी करते, धाकट्याला सांभाळते, ओळीत मांडलेल्या विटा उन्हाकडे फिरवते. तिच्यामुळे आईचे हात मोकळे होतात. उच्च प्राथमिक शाळेचे वय आणि घराला उपयोगी पडण्याचे वय एकच निघाले, हे त्या मुलीचे दुर्दैव.

आणि हे सगळे सुरू होते एका वहीपासून. श्रावण-भाद्रपदात पाड्यावर धान्य संपलेले असते, आजारपण असते, सण तोंडावर असतो. भट्टीमालकाचा माणूस येतो आणि उचल देतो. ती वहीत मांडली जाते. हंगामात दर आठवड्याला खर्ची मिळते, तीही वहीत जाते. मजुरी हजार विटांच्या दराने धरली जाते आणि पावसाच्या तोंडावर हिशोब होतो: विटा इतक्या हजार, उचल इतकी, खर्ची इतकी, बाकी इतकी. कित्येकदा बाकी कुटुंबाच्या अंगावरच निघते आणि पुढच्या हंगामाची उचल म्हणून पुढे ओढली जाते. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. तरीही ज्याला वही वाचता येत नाही, त्याला बांधायला दोर लागत नाही.

व्यापारी कुटुंबांना या वहीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आठवीचा भागाकार हा येथे गुणपत्रिकेतला एक प्रश्न राहत नाही. ज्या घरात एक मुलगी ‘हजारी अमुक, तर साडेसतरा हजारांचे किती’ हे कागदावर मांडून दाखवू शकते, त्या घराशी हिशोब करताना मुकादमाचा आवाज थोडा खाली येतो. २०२५ च्या आरंभी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुले तोंडी, अवघड व्यवहार झटपट करतात, पण तसेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिले की अडखळतात. आणि शाळेत शिकणारी मुले कागदावर गणित सोडवूनही बाजारातल्या व्यवहारात चाचपडतात, असे त्यांना आढळले. गादीवर बसून वाढलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. भट्टीवरच्या मुलांनाही हजाराची मोजणी, विटांची रांग, घोडी लावणे हे सारे पाठ असते. ते वर्गात आणण्याची वाट कोणी बांधलेली नाही. त्यात कातकरी मुलाची घरची बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी. परीक्षेत प्रश्नच कळत नाही, तेथे उत्तराची चर्चा कशाला?

दान देण्यात समाज मागे नाही, हे निर्विवाद. जूनमध्ये, श्रुतपंचमीच्या आगेमागे शाळा उघडल्या की वह्या, दप्तरे, छत्र्या यांचे वाटप होते, छायाचित्रे येतात, मुले खरोखर आनंदतात. विहारात असलेले साधू-साध्वी जेथे उपाश्रय नाही तेथे गावच्या शाळेत रात्र काढतात, त्यामुळे अशा शाळांविषयी अनेक संघांच्या मनात कृतज्ञताही असते. परंतु जूनमध्ये दिलेली दोनशे पानी वही दिवाळीपर्यंत अर्धीच भरते. उरलेली अर्धी पाने कोरी राहतात, आणि ज्या महिन्यांत ती कोरी राहतात त्या महिन्यांत दान देणारे कोणी तेथे नसते.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात या प्रश्नाला पूर्वी दोन वाटांनी उत्तरे शोधली गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. पुढे १९९० च्या दशकात गणेशपुरीपासून जवळच असलेल्या, वसई तालुक्यातील उसगाव येथील विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे विटा रचून, वर पेंढा टाकून केलेली मजुरांची झोपडी. मूल जेथे, तेथे शाळा, हे सूत्र दोन्हींत एकच होते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर मुलांना वेगळ्या शाळेऐवजी जवळच्या नियमित शाळेत घ्यावे, असे धोरण आले. त्यासाठी स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवले की भट्टीजवळच्या शाळेने त्याला वर्गात बसवायचे. कल्पना उत्तम आहे. पण भट्टी रस्त्यापासून आत असते, शाळा दूर असते आणि बारा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. कार्ड दप्तरात राहते.

दुसरी वाट कर्मवीर भाऊराव पाटलांची. कुंभोजच्या जैन घरात २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या या माणसाने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रश्न फी वा पुस्तके यांच्यापेक्षाही आधी ‘मूल राहील कोठे आणि जेवेल काय’ असा आहे, हे त्यांना त्या काळी कळले. सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत राहिली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत समाजात घरोघर सांगितली जाते. त्या काळी स्वजनांनी त्यांना फार सुखाने नांदू दिले नाही, हे मात्र कमी सांगितले जाते.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मराठवाड्यात ती अधिक परिचित. तिच्यामागचा विचार कर्मवीरांचाच: आई-बाप गेले तरी मूल गावात राहावे. कित्येक ठिकाणी मूल आजीजवळ राहू शकते. अडते ते जेवणाशी. दुपारचे जेवण शाळेत मिळते, सहावी ते आठवीच्या मुलामागे दररोज १५० ग्रॅम धान्य त्यासाठी ठरलेले आहे. संध्याकाळचे मिळत नाही. आजीच्या घरात एका माणसाचेच धान्य असते, आणि म्हणून मूल टेम्पोत चढते.

मागे राहिलेल्या मुलाला काय मिळू शकते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. केंद्र शासनाच्या एनएमएमएस परीक्षेत आठवीतील जे विद्यार्थी निवडले जातात, त्यांना नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वा अनुदानित शाळेत शिकणारे आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. पाड्यावरचे प्रत्येक घर या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. महाराष्ट्रात ही परीक्षा साधारणपणे डिसेंबरमध्ये होते. पैसे ज्यांच्यासाठी आहेत ती मुले त्या दिवशी भट्टीवर असतात. अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते अशी कागदपत्रे लागतात, आणि कातकरी कुटुंबांकडे त्यांतले काही ना काही नेहमी अपुरे असते. दहा मिनिटांत जीएसटीचे विवरणपत्र भरणारे हात समाजात घरोघर आहेत. अशा हातांनी भाद्रपदातला एक रविवार गणेशपुरीच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांच्या शेजारी बसून काढला, तर दप्तरवाटपाइतके छायाचित्र येणार नाही, पण आठ-दहा अर्ज पुरे होतील.

भट्टीचा संबंध दूरचा आहे, असेही समजण्याचे कारण नाही. भिवंडीभोवतीची गोदामे, कल्याण-वसईच्या इमारती यांत लावलेले भांडवल कोणाचे आहे, हे समाजाला सांगावे लागत नाही. वीट विकत घेताना दर, आकार, भाजणी, गाडीभाडे हे सारे विचारले जाते. भट्टीवर किती मुले आहेत आणि ती कोणत्या शाळेत जातात, हा प्रश्न ग्राहकाने विचारला तर मालकाला उत्तर तयार ठेवावे लागेल. सरकारी निरीक्षकापेक्षा ठोक खरेदीदाराचे म्हणणे लवकर ऐकले जाते.

राहिला प्रश्न संध्याकाळच्या जेवणाचा. एका शाळेमागे मागे राहू शकणारी मुले फार तर पंधरा-वीस असतील. त्यांना डाळ-भात, भाजी, भाकरी आणि झोपताना कोणी मोठे माणूस जवळ, एवढे कार्तिक ते वैशाख पुरवायचे. गावातलीच एखादी बाई स्वयंपाकाला मिळते. जैन संस्थेने हे चालवायचे तर रात्रिभोजनाची अडचण येईल, अशी शंका काहींना वाटते. गणेशपुरीत कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाळा पाचला सुटते.